मुस्तफाचा बोर्ड आणि कॉम्प्युटर एकाच मशीनमध्ये : वायरिंग कसं करू?

नटबोल्ट | रविवार, रात्री ११:४०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात भंगारवाल्याकडे व्हिडिओ गेमचं एक उभं मशीन दिसलं. आमच्या भागातलं पार्लर बंद होऊन पंधराएक वर्षं झाली, त्याच मालकाचा गाळा रिकामा करताना निघालं म्हणे. खालून वाळवी लागलेली, काचेवर चुन्याचे शिंतोडे, पण आत पिक्चर ट्यूब शाबूत आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बोर्ड. घासाघीस करून १८०० ला सगळं टेम्पोत घातलं. घरी आणून सप्लाय लावला, ट्यूब तापायला वेळ घेतला आणि मग समोर काय, तर मुस्तफा, लहानपणी पार्लरमध्ये खेळायचो तो मारामारीचा गेम! अहो मी अक्षरशः खाली फरशीवर बसलो. (बायको म्हणाली आधी त्यातली झुरळं बाहेर काढ, मग बस.)

तर आता मशीन नवीन करायचंय, सुताराला १८ एमएमचा प्लाय सांगितलाय. बोर्ड ठेवायचाच आहे, पण तेवढा एकच गेम किती खेळणार, म्हणून एक जुना कॉम्प्युटर पण आत बसवून मेम (पार्लरचे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकावं असा विचार आहे. माझा प्लॅन असा, की जॉयस्टिक आणि बटणांच्या प्रत्येक मायक्रोस्विचवरून दोन वायरी काढायच्या, एक बोर्डाच्या कनेक्टरला आणि एक यूएसबी एन्कोडरला (बटण दाबलेलं कॉम्प्युटरला कळवणारं छोटं सर्किट). स्पीकरला दोन्हीकडून वायर आणायची. स्क्रीनला एक स्विच. चालेल ना? कुणी केलंय का असं?

खवचट_काका | रविवार, रात्री ११:५२

चालेल की. धूरसुद्धा छान निघेल.

चहाबाज | सोमवार, सकाळी ७:१५

वाचतोय. मुस्तफा हे नाव वाचूनच आत आलो, वायरिंगमधलं ओ की ठो कळत नाही.

शून्य_व्होल्ट | सोमवार, सकाळी ९:३०

काका, उगाच घाबरवू नका त्यांना.

नटबोल्ट, पहिल्यांदा बोर्डाची कड बघा. पुढून २८ आणि मागून २८ असे ५६ पट्टे असतील तर तो जामा बोर्ड. जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ही पद्धत आणली, त्याआधी ज्याचं त्याचं वेगळं होतं, पॅकमॅनच्या बोर्डाला ४४ पिना होत्या. जामा आल्यावर पार्लरवाल्याचं काम सोपं झालं, एक बोर्ड उपसायचा, त्याच मशीनमध्ये दुसरा खोचायचा, संध्याकाळी पोरांना नवीन गेम. वीज, चित्र, आवाज, जॉयस्टिक, नाणं सगळं त्या एका कनेक्टरमधून जातं. ही सोय कशासाठी होती ते डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

बटणांचं म्हणाल तर जामात बटण दाबणं म्हणजे ती पिन ग्राउंडला टेकवणं, बाकी काही नाही. बोर्डावर प्रत्येक इनपुट एका रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधून ठेवलेलं असतं, दाबलं की शून्य. एन्कोडरचंही तसंच. म्हणजे कागदावर तुमचा प्लॅन बरोबर दिसतो. फक्त एकच करा, सगळं जोडायच्या आधी पहिल्या खेळाडूच्या वायरी तेवढ्या दोन्हीकडे जोडा, कॉम्प्युटर बंद ठेवा आणि बोर्ड चालू करा. काय दिसतं ते इथे येऊन सांगा.

आणि स्पीकर दोन्हीकडून बिलकुल जोडू नका. बऱ्याच बोर्डांवर स्पीकरची वजा बाजू ग्राउंड नसते, तिथेही अ‍ॅम्प्लिफायरच बसलेला असतो. ती ग्राउंडला लागली की अ‍ॅम्पचा आयसी गेला.

अर्धवट_इंजिनिअर | सोमवार, सकाळी १०:०५

मला कळत नाही एवढा खटाटोप कशाला. एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) घ्या, एक एलसीडी मॉनिटर, दोन यूएसबी जॉयस्टिक, संध्याकाळपर्यंत मशीन तयार. त्याच्या एका मेमरी कार्डावर सगळं मावतं. मी केलंय, मुलं खूश आहेत. तीस वर्षं जुनी ट्यूब आणि बोर्ड सांभाळायचे म्हणजे म्हाताऱ्या गाईला सांभाळण्यासारखं आहे, दूध नाही आणि वैरण चालू.

खवचट_काका | सोमवार, सकाळी १०:११

गाय ठेवतात ती फक्त दुधासाठी नव्हे हो.

गोंयकार | सोमवार, दुपारी १:२०

अवांतर : आमच्याकडे फेस्ताच्या फेरीत ही मशीनं यायची, एका तंबूत चार. रुपयाला एक कॉइन. एका मोठ्या मुलाकडे गॅस पेटवायच्या लायटरचं मशीन होतं, म्हणजे आतला तो टिक् करणारा भाग काढून घेतलेला, तो नाण्याच्या फटीजवळ धरून टिक् केलं की क्रेडिट पडायचं. आम्ही त्याला देव मानायचो. तंबूवाल्याला कळल्यावर त्याने त्या मुलाला काही केलं नाही, फक्त लायटर काढून घेतला आणि संध्याकाळी त्यानेच गॅस पेटवून स्वतःचा चहा उकळला.

शून्य_व्होल्ट | सोमवार, दुपारी १:४५

हाहा. त्यामागचं कारण तेच आहे जे मी वर सांगितलं. नाण्याचा स्विचही नुसती ग्राउंडला टेकणारी वायर. ठिणगी पडली की त्या लांब वायरीत एक झटका येतो, बोर्डाला वाटतं नाणं पडलं. कधी कधी क्रेडिटच्या ऐवजी अख्खा गेम रीसेट व्हायचा आणि जो खेळत असेल तो मारायला धावायचा.

सोल्डरवाली | सोमवार, रात्री ९:५०

माझ्या बाबांचं साताऱ्याला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, दहावीपर्यंत शाळा सुटली की मी तिथेच असायचे, त्यामुळे थोडा आगाऊपणा करते.

नटबोल्ट, तुम्ही मागचं झाकण काढून मशीन चालू केलंत ना? पुन्हा करू नका. ट्यूबच्या वर जो रबरी टोपीखाली जाड वायरचा जोड असतो तिथे वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. बाबा लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून, तिचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या उघड्या ग्राउंडच्या पट्टीला लावून, एक हात पाठीमागे ठेवून ते उतरवायचे. एक हात पाठीमागे हे महत्त्वाचं. दोन्ही हात आत घातले की करंट छातीतून जातो.

दुसरं म्हणजे, मशीनमध्ये तळाला एक जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे का बघा. २३० घेतो आणि बऱ्याचदा २३०च किंवा ११० देतो, म्हणून पोरं त्याला बिनकामाचा समजून काढून टाकतात. तो आयसोलेशनचा आहे. बऱ्याच मॉनिटरच्या चॅसिसला थेट लाइनचा करंट असतो. तो ट्रान्सफॉर्मर नसेल आणि तुम्ही त्याच मॉनिटरला बोर्ड, कॉम्प्युटर वगैरे जोडलंत, तर बोर्ड जाईल, कॉम्प्युटर जाईल आणि स्टीलच्या कंट्रोल पॅनेलला हात लावून कोण उभं असेल त्याचं मी बोलत नाही. पॅनेलला अर्थिंग द्याच, घराच्या खऱ्या अर्थिंगला.

नटबोल्ट | मंगळवार, रात्री १२:३५

@सोल्डरवाली, वाचून घाम फुटला. ट्रान्सफॉर्मर आहे! मी तो पायात येतो म्हणून काढणारच होतो. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

@शून्य_व्होल्ट, केलं तुम्ही सांगितलं तसं. बोर्ड चालू, कॉम्प्युटर बंद. नाणं टाकलं नाही तरी क्रेडिट एक झालं. स्टार्ट दाबलं नाही तरी गेम सुरू. मुस्तफा एका जागी थरथरत उभा, काही दाबलं तरी ढिम्म, दोन मिनिटांत गुंडांनी त्याला लोळवला. म्हटलं बोर्ड गेला. मग सहज कॉम्प्युटर चालू केला आणि सगळं शहाण्यासारखं चालायला लागलं! कॉम्प्युटर बंद केला की पुन्हा थरथर. हे काय भूत आहे?

चहाबाज | मंगळवार, सकाळी ७:२०

पार्लरच्या मालकाचा आत्मा. त्याची उधारी द्यायची राहिली असेल.

शून्य_व्होल्ट | मंगळवार, सकाळी ९:४०

भूत नाही, डायोड आहे, म्हणजे करंटला एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट. 

एन्कोडरच्या चिपच्या प्रत्येक पायाला आतून एक संरक्षक डायोड असतो, पाय ते चिपचा ५ व्होल्ट. चिप चालू असेल तर तो गप्प बसतो. पण एन्कोडर बंद, म्हणजे त्याची ५ व्होल्टची लाइन मेलेली. मग तुमच्या बोर्डाने रेझिस्टरमधून जे ५ व्होल्ट प्रत्येक बटणाच्या वायरीवर धरून ठेवलेत ते त्या डायोडमधून मेलेल्या लाइनमध्ये वाहून जातात. बादलीला भोक पडल्यासारखं. वायरीवर उरतो व्होल्ट-अर्धा व्होल्ट, बोर्डाला वाटतं बटण दाबलेलं आहे. सगळीच बटणं, नाणं, स्टार्ट, चारही दिशा, एकदम. म्हणून तो थरथरतो, कारण त्याला एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जायला सांगितलंय. सरकारी नोकरासारखं.

उलट केलंत, कॉम्प्युटर चालू आणि बोर्ड बंद, तर हेच उलटं होईल, बोर्ड एन्कोडरला खाली ओढेल.

समांतरच ठेवायचं असेल तर उपाय आहे, प्रत्येक वायरीत दोन्हीकडे एकेक डायोड. पट्टा नसलेली बाजू बोर्डाकडे किंवा एन्कोडरकडे, पट्ट्याची बाजू बटणाकडे. म्हणजे बटण दोघांनाही खाली ओढू शकतं, पण ते एकमेकांना ओढू शकत नाहीत. साधा ४१४८ नंबरचा डायोड घेऊ नका, त्यात ०.६-०.७ व्होल्ट पडतात आणि जुन्या टीटीएल चिपांना ०.८ च्या खाली गेलं तरच शून्य समजतं, काठावर खेळ होतो. शॉटकी जातीचा डायोड घ्या, त्यात निम्म्याहून कमी पडतात. हिशोब करा, एका खेळाडूच्या चार दिशा, तीन बटणं, स्टार्ट, नाणं अशा ९, दोघांच्या १८, सर्व्हिस आणि टेस्ट धरून २०. दुप्पट केले की ४० डायोड, सोल्डरचे ८० डाग.

खवचट_काका | मंगळवार, सकाळी ९:५८

८० डाग. साडीवर पण एवढे नसतात.

पेटलेला_फ्यूज | मंगळवार, संध्याकाळी ६:३० (इथे सकाळ आहे)

न्यू जर्सीहून लिहितोय. माझ्याकडे सेगाचं जपानी अ‍ॅस्ट्रो सिटी मशीन आहे, १९९३ चं मॉडेल, तळघरात ठेवलंय. मी पण सुरुवातीला हाच डायोडांचा उद्योग केला होता, कॅबिनेटच्या आत जे मंगळसूत्र तयार झालं ते बघून बायकोने विचारलं हे काय विणतोयस.

शून्य_व्होल्ट यांनी पहिल्याच पोस्टमध्ये खरं उत्तर दिलंय, तुमचं लक्ष गेलं नाही. जामा कशासाठी आला? मशीन तेच ठेवून बोर्ड बदलता यावा म्हणून. मग कॉम्प्युटरलाही एक बोर्डच समजा ना! मशीनची वायरिंग शंभर टक्के जामा ठेवा, एकही जास्तीची वायर नको, आणि कॉम्प्युटरला जामाची कड लावा. जे-पॅक नावाची एक पट्टी मिळते, तिला एका बाजूला जामाचे ५६ पट्टे आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी आणि व्हीजीए. मुस्तफाचा बोर्ड काढा, ती पट्टी खोचा, झालं. जो बोर्ड जोडलेलाच नाही तो कुणाला खाली ओढणार?

चित्राचं पण त्यातच निभावतं, आणि चित्राचा विषय बटणांपेक्षा मोठा आहे. गेमचे बोर्ड लाल, हिरवा, निळा चांगले तीन-चार व्होल्टपर्यंत देतात, कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड देतं ०.७. थेट जोडलंत तर मॉनिटरवर अमावस्या. त्या पट्टीत अ‍ॅम्प्लिफायर आहे. शिवाय आडवा आणि उभा सिंक (चित्राची ओळ आणि पान कुठे सुरू होतं ते सांगणारा सिग्नल) वेगवेगळा येतो तो एकत्र करून द्यावा लागतो, कारण जामात सिंकला एकच पिन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची ट्यूब १५ किलोहर्ट्झवर चालते, कॉम्प्युटर सुरू होताना ३१ ने चालतो. ३१ थेट गेलं तर मॉनिटर शिट्टी मारतो आणि नशीब वाईट असेल तर हॉरिझॉन्टलचा ट्रान्झिस्टर उडतो. पट्टी १५ च्या वरचं आत सोडत नाही. कॉम्प्युटरमध्ये एखादं जुनं रेडिऑन कार्ड, त्याला ट्यूबसाठी चालवणारा सीआरटी इम्युड्रायव्हर आणि ग्रूव्हीमेम (मेमचीच ट्यूबसाठीची आवृत्ती) टाका, मग प्रत्येक गेम त्याच्या मूळ रिझोल्यूशनला आणि मूळ वेगाला उघडतो.

अर्धवट_इंजिनिअर | मंगळवार, रात्री ८:१०

मूळ वेग म्हणजे? ६० हर्ट्झ ना सगळे?

पेटलेला_फ्यूज | मंगळवार, रात्री ८:२५

तिथेच तर गोम आहे. मुस्तफा ५९.६ च्या आसपास, तो ६० वर फार जाणवत नाही. पण मॉर्टल कॉम्बॅट साधारण ५४.७, आर-टाइप ५५. तुमच्या एलसीडीवर ६० ने दाखवायचं म्हणजे एकतर गेम जोरात पळवा नाहीतर मधेच एखादं चित्र दोनदा दाखवा. पार्श्वभूमी सरकते तेव्हा ती बारीक अडखळते, एकदा दिसलं की दिसतच राहतं. ट्यूबला काय, तुम्ही द्याल त्या ठेक्यावर ती नाचते.

अर्धवट_इंजिनिअर | मंगळवार, रात्री ८:४०

मला नाही दिसत बुवा. आणि ज्यांना दिसतं त्यांनी दाखवू नये, माझं छान चाललंय :)

शून्य_व्होल्ट | मंगळवार, रात्री ९:०५

@पेटलेला_फ्यूज, बरोबर. मी डायोड सांगितले कारण त्यांनी समांतर कसं करायचं विचारलं होतं, पण मी स्वतः असतो तर कॉम्प्युटर बोर्ड म्हणूनच लावला असता. फक्त आवाज त्या पट्टीतून जात नाही, त्याला वेगळा छोटा अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या दोन्ही वायरी बदलणारा स्विच लागेल. दोन्ही म्हणजे दोन्ही, अधिक पण आणि वजा पण.

आणि नटबोल्ट, कनेक्टर उलटा खोचण्यापासून सांभाळा. ७ नंबरच्या पिनेच्या जागी कनेक्टरमध्ये एक पट्टी असते आणि बोर्डाला खाच, म्हणजे तो उलटा जाऊच नये. पण नकली बोर्डांना बऱ्याचदा खाच पाडलेलीच नसते, मग पार्लरवाले कनेक्टरमधली पट्टी उपटून टाकायचे. उलटा गेला तर ६ नंबरचे १२ व्होल्ट बरोब्बर २३ नंबरवर येतात, म्हणजे दोन्ही खेळाडूंच्या दुसऱ्या बटणाच्या पिनेवर. इनपुटच्या चिपा जागच्या जागी शांत.

नटबोल्ट | बुधवार, रात्री ११:१०

माझ्या बोर्डाला खाच नाही आणि कनेक्टरमध्ये पट्टी पण नाही. म्हणजे माझा नकली आहे का?

पेटलेला_फ्यूज | गुरुवार, पहाटे ४:५०

एक खूण सांगतो. मूळ मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमच्या सीपीएस-१ जातीच्या बोर्डावर आहे, पण क्यू-साउंडवाला, म्हणजे आवाजाची खास चिप असलेला. आवाजाच्या प्रोसेसरचा कोड उलगडायची किल्ली बॅटरीवर जिवंत ठेवलेली असते, बॅटरी संपली की आवाजाचा भाग मुका. म्हणजे मूळ बोर्डावर बॅटरी दिसेल. आणि अनेक बोर्ड एकावर एक थर लावल्यासारखे असतात. तुमचा एकच मोठा बोर्ड असेल, बॅटरी नसेल, चिपांवरची नावं खरवडलेली असतील तर नकली.

नटबोल्ट | गुरुवार, सकाळी ८:३०

एकच बोर्ड. बॅटरी नाही. नावं खरवडलेली. :(

खवचट_काका | गुरुवार, सकाळी ८:४१

अहो मग रडता काय, तुमच्या पार्लरवाल्याने तुम्हाला कधी ओरिजिनल समोसा तरी दिला होता का? आपण सगळे लहानपणी नकलीच खेळलो.

सोल्डरवाली | गुरुवार, सकाळी ९:१५

+१. आणि बॅटरी नाही म्हणजे मरायची भीती पण नाही, हा फायदाच म्हणा.

नटबोल्ट | शनिवार, रात्री १:२०

आपण सगळे नकलीच खेळलो असं काकांनी सहज म्हटलं पण ते डोक्यात राहिलं होतं आणि आज त्याचा उलगडा झाला, म्हणून एवढ्या रात्री लिहितोय.

कॉम्प्युटरवर मेम चालवून बघितलं, मूळ गेमचा संच. चित्र तेच. पण आवाज ऐकून मला काहीतरी खटकत होतं, फारच भरीव, गोल, महागड्या गाडीतल्या टेपसारखा. बोर्ड चालू केला आणि तो खरखरीत, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज आला, मुक्का बसला की फट्ट, आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्या डोक्यातला मुस्तफा हाच आहे. नकली बोर्डात क्यू-साउंडची चिपच नसते, त्यांनी स्वस्तात जमेल तसा आवाज बसवला, आणि आपण तो ऐकत मोठे झालो. म्हणजे ज्याला जग मूळ म्हणतं ते माझ्यासाठी परकं आणि भंगारातला नकली बोर्ड ओरिजिनल! मेममध्ये नकली बोर्डांचेही संच आहेत म्हणे, पण आता मला तो बोर्डच हवा.

तेव्हा ठरलं. मशीन पूर्ण जामा, बोर्ड आणि कॉम्प्युटर दोघंही पाहुणे.

गोंयकार | शनिवार, सकाळी १०:००

देव बरें करूं. हे वाचून मला तंबूतला तो आवाज ऐकू आला.

नटबोल्ट | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ५:४५

रिपोर्ट देतो, तुम्हा सगळ्यांमुळे झालं.

५६ पिनांचा कनेक्टर पुण्यात पासोड्या विठोबापाशी तिसऱ्या दुकानात मिळाला, पहिल्या दोघांनी प्रिंटरचा पार्ट समजून हाकललं. बटणांना २२ गेज वापरली, ग्राउंडची एकच वायर बटणाबटणावरून माळेसारखी फिरवली. पहिल्यांदा ५ व्होल्टलाही तीच बारीक वायर लावली होती, दीड मीटर. सप्लायवर मोजले तर ५.०५, बोर्डाच्या कडेवर मोजले तर ४.५५! गेम सुरू व्हायचा, पहिला मोठा गुंड आला की रीसेट. मी सप्लायचा स्क्रू फिरवून वाढवणार होतो, नशीब सोल्डरवालींना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं. ५ वाढवले की १२ पण वर चढतात, एकाच स्क्रूवर दोघं. मग ५ आणि ग्राउंडला १८ गेजच्या दोन-दोन वायरी टाकल्या, दोन्हीकडे थिंबल दाबून बसवले, आता कडेवर ४.९८.

मागच्या दाराला एक ट्रे केलाय, त्यावर एका बाजूला बोर्ड, एका बाजूला जे-पॅक, मधे जामाचा कनेक्टर मोकळा लोंबतो. ज्याला खेळायचं त्याला खोचायचं, अर्धं मिनिट. खाच नव्हती म्हणून बोर्डाच्या वरच्या कडेला आणि कनेक्टरच्या वरच्या बाजूला मुलीची लाल नेलपॉलिश लावली. लाल वर, लाल वर, तिला पण पाठ झालंय. आत चुकूनही दोन्ही चालू राहू नयेत म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून इन्व्हर्टरला लावतात तो १-०-२ चा फिरवायचा स्विच आणला, १ ला गेमचा सप्लाय, २ ला कॉम्प्युटर, मॉनिटर वेगळा. २ वरून ० वर आणायच्या आधी कॉम्प्युटर नीट बंद करायचा असतो, हे मी तीनदा विसरलो.

एक चूक झालीच. मित्राकडून एकात पाचशे गेमवाला बोर्ड आणून खोचला तर फायटिंगमध्ये खेळाडू सतत लाथा मारतोय. दोन तास शोधलं.

पेटलेला_फ्यूज | रविवार, रात्री ७:५०

सांगू? २७ नंबरची पिन. जामात २७ आणि २८ ग्राउंड असतात, तुम्ही त्या ग्राउंडला बांधल्या असणार. ते हजार-पाचशेवाले बोर्ड २७ वर सहावं बटण ठेवतात. म्हणजे सहावं बटण जन्मभर दाबलेलं. कनेक्टरमधून २७ आणि मागच्या बाजूच्या छोट्या ई (e) अक्षराच्या पिनेची वायर कापा, ग्राउंडला बाकीच्या पिना भरपूर आहेत. स्ट्रीट फायटर २ च्या खऱ्या बोर्डावर तर लाथांचा कनेक्टर अगदी वेगळाच असतो, जामात त्याला जागाच नाही.

नटबोल्ट | रविवार, रात्री ८:३०

कापली. लाथा थांबल्या. तुमच्या पाया कुठे पडू, न्यू जर्सीला?

आता शेवटचं कोडं. नाण्याची यंत्रणा जुनीच ठेवलीय, त्यात एक नमुन्याचं नाणं अडकवलेलं असतं आणि टाकलेलं नाणं त्याच्याशी जुळलं तरच घेते. आत नमुना आहे तो जुना मोठा रुपया, २५ मिलिमीटरचा. घरात सगळे नवे, २० मिलिमीटरवाले. सरळ खालच्या फटीतून परत येतात. नवा रुपया नमुना म्हणून अडकवता येतो, पण मला तो टणकन पडण्याचा आवाज जुन्याचाच हवाय.

अर्धवट_इंजिनिअर | रविवार, रात्री ८:४४

फ्री प्ले (नाण्याशिवाय खेळणं) लावा ना, बोर्डावर त्याचा छोटा डिप स्विच असेल.

खवचट_काका | रविवार, रात्री ८:४६

याला कुणीतरी बाहेर काढा रे.

सोल्डरवाली | रविवार, रात्री ९:२०

बाबांच्या दुकानातल्या स्क्रूच्या डब्यात जुने मोठे रुपये आहेत, पंधरा-वीस तरी. पुढच्या शनिवारी पुण्याला येतेय, आणते. बदल्यात तिसऱ्या खेळाडूची जागा माझी, मूळ गेम तिघांचा आहे. त्यातली हॅना मी घेणार.

नटबोल्ट | रविवार, रात्री ९:२५

जामात दोनच खेळाडूंच्या पिना आहेत हो, माझ्या पॅनेलवर पण दोनच. तिसऱ्यासाठी बोर्डावर वेगळा कनेक्टर शोधावा लागेल, असलाच तर. शनिवारपर्यंत बघतो. सुताराला आत्ताच फोन लावतोय.